उजेडापासून जपलेला उजेड

जुन्या पोथ्यांचे लेखनिक एक हृद्य प्रघात पाळत. ग्रंथ पुरा झाला, की शेवटच्या पानावर ते पोथीच्याच तोंडी एक विनवणी घालत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून आपल्याला जपावे, मूर्खाच्या हाती देऊ नये, अशी. घरातले जुने फोटो चाळताना मला ही विनवणी हटकून आठवते आणि वाटते, फोटोला वाचा फुटली असती, तर त्याने कोणापासून अभय मागितले असते? पोथीचे शत्रू बाहेरून येतात. फोटोला मात्र अभय मागावे लागेल ते आपल्या जन्मदात्यांकडेच. ज्या प्रकाशाने त्याला रूप दिले आणि ज्या पाण्याने त्याला न्हाऊ घातले, त्यांच्याकडेच.

चांदीच्या क्षारांवर उमटलेली प्रतिमा आरंभी प्रकाशानेच काळवंडून जाई, कारण प्रकाश न लागलेले क्षार तिच्यात तसेच उरलेले असत. हे उरलेले क्षार विरघळवणारे हायपो नावाचे रसायन इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलला 1819मध्येच गवसले होते, आणि 1839मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तेव्हा ते कामी आले. पण ज्याने प्रतिमा तारली, ते हायपोही तिच्यात राहून चालत नाही. प्रिंट वाहत्या पाण्यात निगुतीने धुवावी लागते, आणि डार्करूममध्ये कोणी घाई केली असेल, तर त्या घाईचे पिवळे प्रायश्चित्त पुढच्या पिढीला घ्यावे लागते. फोटो फिके का पडतात याचा तपास करण्यासाठी लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने 1855मध्ये समिती नेमली, तेव्हा तिनेही अपुऱ्या धुण्याकडे आणि दमट हवेकडे बोट दाखवले होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती त्याच्या आदल्याच वर्षी. क्षण धरून ठेवायला माणूस शिकतो न शिकतो, तोच तो निसटण्याचे भय त्याला जडले होते. गवसणे आणि गमावणे ही जुळी भावंडे एकाच घटकेला जन्मतात, हेच खरे.

माझ्यासमोर आजीचा एक कृष्णधवल फोटो आहे. स्टुडिओतली कोरीव खुर्ची, मागे रंगवलेला कठडा आणि त्यापलीकडचे कधीच नसलेले उद्यान, नऊवारीचा काळाभोर घोळ. समोरून पाहिला तर फोटो निर्दोष दिसतो. पण खिडकीकडे किंचित कलता धरला, की त्या काळ्या घोळावर निळसर, धातूची झळाळी तरळते. दमट हवेने आणि तिच्यातल्या वायूंनी आतल्या चांदीचे कण हळूहळू वर आणले आणि पृष्ठभागावर त्यांचा आरसा केला. जिथे अंधार सर्वांत दाट होता, तिथेच ही चांदी अधिक वर आली आहे. ऱ्हासाला इतके देखणे रूप असावे, याचा मला विषाद वाटत नाही. काळ येथे पुसून गेलेला नाही, सही करून गेला आहे.

आपल्याकडे पूर्वजांना मान द्यायचा म्हणजे त्यांना भिंतीवर नेऊन ठेवायचे. फोटोतली चांदी ज्या जिलेटिनच्या थरात तरंगते, ते जनावरांच्या हाडाकातड्यांतून निघते. कडक सोवळ्याच्या घरांतही ते देवघराशेजारच्या तसबिरीत निमूट नांदत आले. कोकणातल्या पावसाळ्यात हा थर हवेतले पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि पुढ्यातल्या काचेला असा चिकटतो, की काच सोडवू जावे तर चेहराच तिच्याबरोबर येतो. स्टुडिओतल्या कलावंताने हाताने भरलेला शालूचा रंग खिडकीतल्या उन्हाने उडतो, आणि मागच्या हलक्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदात झिरपत राहते. ज्यांना चंदनाचा हार मिळाला ते आधी विरले, आणि ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पत्रांच्या बासनात ज्यांची कोणी विचारपूसही केली नाही, ते आजही तजेलदार आहेत. उपेक्षेइतकी दीर्घायुषी सेवा दुसरी नसावी.

अर्थात ट्रंकही अभेद्य नव्हे. 1961च्या जुलैत पानशेत धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, त्यात कित्येक घराण्यांचे चेहरे गाळाखाली गेले. भिजलेल्या फोटोंचा गठ्ठा तसाच वाळू दिला तर त्याची वीट होते. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक प्रिंट अलगद सोडवावी, मग चेहरा वर करून सावलीत वाळवावी, असे जाणकार सांगतात. पाण्याने बुडवलेले पाण्यातच सोडवायचे!

पूर्वीच्या अल्बमांची काळी पाने, त्रिकोणी कोपरे आणि मधला बटर पेपर यांमागे एक शहाणपण होते. कोपऱ्यातला फोटो बाहेर काढता येई, उलटता येई, पाठीवरचे अक्षर वाचता येई. पुढे चिकट पानांचे, वर प्लास्टिक ओढलेले अल्बम आले, आणि त्यांनी रंगीत फोटोंना असे कवटाळले, की पाठ कायमची झाकली गेली. त्या काळच्या कित्येक प्रिंटांतले रंग तर बंद कपाटातही उडाले. लग्नातली सारी मंडळी आता एकाच तांबूस संध्याकाळी उभी दिसतात. पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव लिहावे, कारण बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. ही सूचना किरकोळ वाटते. पण फोटोचे आयुष्य चेहऱ्याइतकेच त्याच्या पाठीवर अवलंबून आहे.

कागदाला कोरडी हवा, गारवा आणि काळोख मानवतो. माणसाला मानवते ते त्याच्याविषयी बोलले जाणे. निर्वेध जतन केलेल्या फोटोतल्या स्त्रीचे नाव सांगणारे कोणी उरले नाही, तर उरते ती केवळ शाबूत चांदी. पोथ्या बासनात गुंडाळल्या, वेखंडाने राखल्या म्हणून टिकल्या हे खरेच; पण त्या पुन्हा पुन्हा उतरल्या गेल्या, पारायणात उलगडल्या गेल्या, म्हणून जगल्या. म्हणून मी मूळ प्रती आम्लविरहित कागदात, अंधारात ठेवतो, आणि त्यांच्या नकला दिवाळीत घरभर फिरू देतो, बोटांच्या तेलासकट. झीज कोणालाच टळलेली नाही. ती कशापायी व्हावी, एवढीच निवड आपल्या हाती असते. कसरीने खाण्यापेक्षा, ही कोण म्हणून विचारणाऱ्या नातवंडांनी हाताळून झिजवलेले मला अधिक सुरक्षित वाटते.