मुलांची कल्पनाशक्ति: चैन कीं गरज?

लहान मुलांच्या कल्पनाशक्तीस घरीं व शाळेंत कितपत वाव द्यावा, याविषयीं पुष्कळ आईबापांच्या मनांत शंका असते. कित्येक म्हणतात, "आम्हां गरिबांच्या मुलांस लिहितांवाचतां आलें व हिशेब आला, म्हणजे झालें; चित्रें व गोष्टी ही श्रीमंतांची चैन." दुसरे कित्येक म्हणतात, "कल्पित गोष्टी रचण्याची संवय लागली, कीं मूल खोटें बोलावयास शिकतें." या दोन्ही आक्षेपांचा आपण शांतपणें विचार करूं.

पहिल्या आक्षेपास आमच्याच प्रांतांतील एका कामानें उत्तर दिलें आहे. सन १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें खेड्यांतील बालकांकरितां शिक्षणकेंद्र काढिलें, व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीचीं साधनें महाग, म्हणून त्यांनीं शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें व माती यांसच साधनें केलें. सन १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलांपैकीं कोणास धाकटें भावंड सांभाळावयाचें, तर कोणास गुरें राखावयाचीं. तीं शाळेंत येणार कशीं? तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत व कुरणांत गेली. सन १९७५ पासून सरकारी योजनेमुळें देशभर झालेलें अंगणवाडी हें नांव याच कामांतून आलें.

शिवाय कल्पना गरिबाच्या घरीं नसते, असें कोणी म्हणावें? वारली स्त्रिया लग्नप्रसंगीं कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहीत आल्या आहेत. त्याच जमातींतील जिव्या सोमा मशे यांचीं चित्रें परदेशीं गेलीं, व सन २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. ठेवा घरांतच होता. जी शाळा मुलास "हें सोडून पाटीवरचें गिरव" एवढेंच सांगते, ती त्यास कांहीं देण्यापूर्वीं त्याजपाशीं आहे तें काढून घेते.

आतां दुसरा आक्षेप. काठीस घोडा म्हणणारें मूल कोणासही फसवीत नाहीं. काठी ही काठीच आहे, हें त्यासही ठाऊक असतें. लबाड मनुष्याचा हेतु ऐकणाऱ्यानें फसावें असा असतो. दोहोंत हेतूचा भेद आहे, आणि हा भेद मुलास समजावून द्यावा. त्याकरितां खेळ बंद करण्याचें कारण नाहीं. इतकेंच नव्हे, तर कल्पनेवांचून दया नाहीं. शेजारच्या घरीं आज चूल पेटली नाहीं, तेथील लेंकरें कशीं निजलीं असतील, हें ज्यास मनांत आणितां येत नाहीं, तो दार उघडून भाकरी कशी नेणार? तसेंच, आहे तें अन्यायाचें असलें तरी असेंच चालावयाचें, असें ज्यास वाटतें, तो त्याविरुद्ध उभा राहत नाहीं. निराळें कांहीं असूं शकेल, हें आधीं मनांत दिसावें लागतें.

मात्र स्वैरपणा म्हणजे कल्पनाशक्ति नव्हे. फ्रोबेल यानें सन १८३७ मध्यें जर्मनींत बालकांकरितां संस्था काढिली, तेव्हां त्यांच्या हातीं लोंकरीचे चेंडू व लाकडी ठोकळे दिले. ठोकळा वांकडा ठेविला, तर मनोरा पडतो. ओल्या मातीची भिंत घाईनें उभारिली, तर ती खचते. अशा रीतीनें वस्तूच मुलास शिस्त लावितात, व ती शिस्त छडीहून अधिक टिकते.

यास्तव, शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांस फळ्यावरील आंब्याची नक्कल करावयास लावण्यापूर्वीं झाडाखालीं नेऊन आंबा पाहूं द्या. गोष्ट अर्ध्यावर थांबवून "पुढें काय झालें असेल?" असें विचारा, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. आणि आईबापहो, मुलानें मातीचा बैल करून आणिला, तर "हात धू" म्हणण्याच्या आधीं तो बैल एकदां नीट पाहा. यास पैसा लागत नाहीं, थोडा वेळ लागतो. आणि तो दिल्यानें मूल आपल्या बुद्धीवर विश्वास ठेवावयास शिकतें. गरिबाच्या लेंकरास याहून मोठें भांडवल आम्हांस दिसत नाहीं.