गुलाबी इंजिन आणि आप्तवाक्य

अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९५७ मध्ये खास मुलींसाठी म्हणून खेळण्यातली एक आगगाडी बाजारात आणली. इंजिन गुलाबी, डबे फिकट पिवळे, जांभळट, आकाशी. ती खपली नाही. मुलींनाही आगगाडी हवी होती ती खऱ्या आगगाडीसारखी, असं त्याचं कारण नेहमी दिलं जातं. खपली नाही म्हणून थोडी उरली, आणि थोडी उरली म्हणून आज संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. पण त्याच २०३७ क्रमांकाचं काळं इंजिन लायोनेलने कित्येक वर्षं भरपूर विकलं होतं. गुलाबी रंग आणि थोडी सवड एवढ्या भांडवलावर काळ्याचं गुलाबी करता येतं. उलट दिशेचीही कथा सांगतात: न खपलेली गुलाबी इंजिनं काही दुकानदारांनी त्या काळी काळी रंगवून विकली. भरीस भर म्हणजे पुढे कंपनीनेच या गाडीची नवी आवृत्ती काढली. अशा परिस्थितीत ऑनलाइन लिलावात एखादं गुलाबी इंजिन ‘ओरिजिनल’ म्हणून समोर आलं, सोबत चार धूसर फोटो आणि दोन ओळींचा मजकूर असला, तर काय मानायचं? प्रश्न खेळण्याचा दिसतो, पण भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं घोळवलेला आहे. दुसऱ्याने सांगितलं एवढ्यावरून आपल्याला ज्ञान होतं का, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर?

चार्वाकांनी हा मार्गच नाकारला. बौद्ध आणि वैशेषिक म्हणाले, सांगण्यावरून कळतं खरं, पण तो अनुमानाचाच एक प्रकार. वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन, कशाला? नैयायिकांनी मात्र शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलं आणि त्यावर एक अट घातली: बोलणारा आप्त हवा. व्यवहारात आपण आप्त म्हणजे नातलग समजतो, पण न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनाने आप्ताचं जे वर्णन केलं आहे त्यात नात्याचा संबंध नाही. ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू पडतं, हेही तो सांगून टाकतो. हा उदारपणा मला फार मोलाचा वाटतो. बोलणाऱ्याचं कूळ, प्रतिष्ठा, पावित्र्य यांपैकी काहीच इथे निर्णायक नाही. निर्णायक दोनच गोष्टी आहेत, जाणणं आणि खरं सांगण्याची इच्छा. दोन्ही एकत्र हव्यात, आणि ज्या वस्तूविषयी बोलणं चाललं आहे त्याच वस्तूविषयी हव्यात. एका बाबतीतला आप्त दुसऱ्या बाबतीत आप्त असेलच असं नाही.

ऑनलाइन लिलावाची वीण नेमकी इथे विसविशीत होते. ई-बे १९९५ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे अभिप्रायांची व्यवस्था आली. अनोळखी माणसाला अनोळखी माणसाने पैसे पाठवावेत हे ज्या जोरावर शक्य झालं त्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि तिला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण शंभर टक्के चांगले अभिप्राय असलेल्या विक्रेत्याविषयी आपल्याला नक्की काय कळतं? तो वस्तू वेळेवर पाठवतो, नीट गुंडाळून पाठवतो, तक्रार आली तर ऐकून घेतो. म्हणजे आप्ताच्या दोन अटींपैकी फार तर दुसरीचा, सदिच्छेचा, थोडाफार पुरावा मिळतो. पहिलीविषयी हा आकडा मुका आहे. चहाच्या कपबशा, जुनी पोस्टकार्डं आणि स्वेटर विकून कमावलेली ही नेकनामी १९५७ च्या रंगाविषयी काय सांगणार? ज्यांनी ते अभिप्राय दिले त्यांनाही तो रंग ओळखता येत होता याची खात्री कुठे आहे? रंगवलेलं इंजिन घेऊन आनंदाने पाच तारे देणारा ग्राहक खोटं बोलत नसतो. त्याला फसल्याचं कळलेलं नसतं, इतकंच. म्हणून माझं म्हणणं असं की अशा मजकुरासमोर माणसावरचा विश्वास आणि विधानावरचा विश्वास यांची गाठ सोडवली पाहिजे. माणूस प्रामाणिक असेल आणि विधान तरीही टाकाऊ असेल. आपण फसतो ते बहुधा ही फारकत न केल्यामुळे.

विधान तपासायचं तर वस्तूकडे वळावं लागतं, आणि वस्तू पुष्कळ बोलते. हे इंजिन विजेवर, तीन रुळांच्या मार्गावर चालतं. मधल्या रुळावरून वीज घेण्यासाठी त्याच्या पोटाखाली छोटे रोलर असतात. ‘कधीच चालवलेलं नाही’ असा दावा असेल आणि त्या रोलरवर झिजेची खाच दिसत असेल, चाकांच्या कडांवर घासून आलेली चकाकी असेल, तर दाव्याचा निकाल तिथेच लागला. रंगाचं म्हणाल तर दर्शनी बाजू पाहण्यात अर्थ कमी. रंगवणारा समोरची बाजू जिवापाड करतो, पण चालकाच्या कोठडीची आतली कड आणि स्क्रूच्या डोक्याभोवतालचा कोपरा, तिथे त्याचा हात आखडतो. काळा रंग डोकावतो तो अशाच जागी. नव्या रंगांपैकी पुष्कळ रंग अतिनील दिव्याखाली वेगळे उजळतात, म्हणून जाणकार तो दिवाही वापरतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत तर धातूच साक्ष देतो. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की तो आतून फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. त्या काळातल्या अनेक गाड्यांची चाकं अशी गेली. तेव्हा १९३० च्या दशकातल्या इंजिनाची ओतीव चाकं कालच कारखान्यातून आल्यासारखी असतील, तर ती बदललेली आहेत का हे विचारणं ओघानेच आलं. आणि १९३० सालच्या म्हणवणाऱ्या इंजिनात फुलीच्या खाचेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू दिसला, तर इतकं नक्की की कोणीतरी ते नंतर उघडलेलं आहे. ते स्क्रू त्याच दशकाच्या उत्तरार्धात वापरात येऊ लागले. या खुणांपैकी एकही विक्रेत्याच्या चारित्र्याविषयी काही सांगत नाही.

आता लिलावाच्या मजकुरांतल्या लाडक्या शब्दाकडे येऊ: ‘अनटेस्टेड’. त्याच्या जोडीला ‘आजोबांच्या माळ्यावर सापडलं, मला यातलं काही कळत नाही, जसं आहे तसं, परत घेणार नाही’. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण जणू या मजकुरासाठीच झाली असावी. जी वस्तू वीजजोडणी देऊन क्षणभरात तपासता येते ती तपासली नाही, असं सांगणारा काही वेळा खरंच अनभिज्ञ असतो, काही वेळा नसतो. मी त्यांच्यात निवड करायला बसणार नाही, कारण गरज नाही. अज्ञानाची कबुली ऐकून आपल्याला निरागसपणाचा भास होतो आणि निरागसपणावरून आपण विश्वासार्हतेवर उडी मारतो; पण ‘मला कळत नाही’ म्हणणाऱ्याने आप्ताची पहिली अट स्वतःच सोडून दिलेली असते. त्याने तेवढं म्हणून गप्प बसावं, म्हणजे तो निर्दोष आहे. त्याच मजकुराच्या मथळ्यात मात्र ‘रेअर’, ‘ओरिजिनल’ असं लिहिलेलं असतं. ज्याला कळत नाही त्याला हे दुर्मीळ असल्याचं कुठून कळलं? याला आपल्याकडे वदतोव्याघात म्हणतात. गप्प बसण्याच्या मर्यादेचा प्रश्न सिसेरोने ‘दे ऑफिकिईस’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात घेतला आहे: घरातला दोष माहीत असलेला विक्रेता तो न सांगता घर विकतो, ते योग्य की अयोग्य? डायोजेनीस आणि अँटिपॅटर या दोन स्टोइकांचा त्यावरचा वाद तो मांडतो आणि शेवटी, लपवणं भल्या माणसाला शोभत नाही, या बाजूने कौल देतो. इंजिनाच्या पोटाचा फोटो मुद्दाम न टाकणं हेही लपवणंच आहे. पण मुद्दाम टाकला नाही हे आपल्याला बाहेरून ठरवता येत नाही, आणि म्हणून पुन्हा विधानापाशीच थांबावं लागतं.

यावर पहिला आक्षेप मीमांसकांचा असेल आणि तो वजनदार आहे. कुमारिलांच्या परंपरेचं म्हणणं, ज्ञान मुळातच प्रमाण, म्हणजे खरं धरण्याजोगं, असतं. बाधक कारण पुढे आलं तरच ते सोडायचं. प्रत्येक वाक्याला आधी दाखला मागत बसलो तर मूल भाषासुद्धा शिकणार नाही. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या टॉमस रीडने याच वळणाचं सांगितलं: दुसऱ्याचं खरं मानण्याची प्रवृत्ती आपल्यात उपजतच असते. मला हे मान्य आहे, आणि तरी लिलावाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. कारण इथे बाधक कारणं आधीपासूनच हजर असतात. सांगणाऱ्याचा पैसा सांगण्यात गुंतलेला आहे, खऱ्यासारखंच खोटं सहज बनवता येतं हे ठाऊक आहे, आणि वस्तू हातात नाही. नैयायिकांचा संशयही मोकाट नाही. तिन्हीसांजेला दूरवर काही उभं दिसतं. उंची खुंटाची आणि माणसाची सारखीच असते आणि दोघांना वेगळं करणारी खूण दिसत नाही, तेव्हा संशय येतो. अस्सल गुलाबी आणि रंगवलेलं गुलाबी यांचा धूसर फोटो हुबेहूब असाच आहे. खूण दिसली की संशय संपला. उदयनाचार्यांनी तर संशयाला लगामच घातला: स्वतःच्या वागण्याशी विसंगत होईल इथपर्यंत शंका ताणता येत नाही. जो रोज अनोळखी दुकानदाराकडून औषध घेऊन गिळतो, त्याने ‘जगात कोणाचाच भरवसा नाही’ असं म्हणू नये. इंजिनाच्या पोटाचा फोटो मागणाऱ्याने असं काही म्हटलेलंच नसतं.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: शंका घेतली की भला माणूस दुखावतो. दुखावतो, हे खरं. पण शंका आणि आरोप यांत आपण गल्लत करतो ती दोन्ही टोकांनी. संकोचापोटी काही विचारत नाही, आणि फसलो की एकदम ‘चोर’ म्हणून मोकळे होतो. विधान अप्रमाण ठरवायला एक खाच पुरते. माणूस लबाड ठरवायला त्याला ठाऊक होतं आणि तरी त्याने लपवलं, हे दोन्ही दाखवावं लागतं, आणि घरबसल्या ते जवळजवळ कधीच दाखवता येत नाही. रंगवलेलं इंजिन तीन हात बदलून आलेलं असतं. रंगवणारा कदाचित आपल्या नातीसाठीच रंगवत होता. शिवाय न विचारण्याने भल्या विक्रेत्याचंच नुकसान होतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे दाखवलं: ग्राहकाला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यालाच मधली किंमत देऊ करतो, ती चांगला माल विकणाऱ्याला परवडत नाही, तो बाजार सोडतो आणि मागे उरतो गाळ. ज्याचं इंजिन अस्सल आहे त्याला पोटाचा फोटो पाठवायला ओझं वाटण्याचं कारण नाही. त्या फोटोमुळेच त्याला त्याचा भाव मिळतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात गोड आहे: अहो, खेळणं आहे, गुलाबी आहे, चालतं आहे, मग रंग १९५७ चा की परवाचा याने काय फरक पडतो? सौंदर्याचाच प्रश्न असेल तर काहीच पडत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथलं सगळं शहर, रूळ, पूल, सिग्नल आपल्या काळात उभं केलेलं आहे, कोणीही ते पुरातन असल्याचं सांगत नाही, आणि त्यामुळे ते पाहण्याचा आनंद तसूभरही उणावत नाही. दुरुस्ती, पुनर्रंगकाम, नवी प्रतिकृती यांत कसलंही पाप नाही. पण ‘ओरिजिनल’ म्हणून जी जादा रक्कम मागितली जाते ती सौंदर्याची नसते, इतिहासाची असते. आणि इतिहास हे खऱ्या-खोट्याचं क्षेत्र आहे. इथे एक हानी अशी होते की तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. संग्राहक अस्सल-नक्कल ठरवतात ते आधी विकल्या गेलेल्या नगांशी ताडून. रंगवलेलं इंजिन एकदा अस्सल म्हणून विकलं गेलं की त्याचा फोटो आणि त्याची किंमत पुढच्या तुलनेचं मोजमाप बनतात. पुढचा रंगवणारा त्या फोटोवरून रंग जुळवतो, पुढचा ग्राहक त्याच फोटोवरून खात्री करतो. अशी दहा इंजिनं फिरली की कारखान्यातून आलेली छटा नेमकी कोणती होती हेच कोणाला सांगता येणार नाही. पैसे एकाचे बुडतात, पुरावा सगळ्यांचा नासतो.

उरला तो ग्राहक. न्यायदर्शनात राग, द्वेष आणि मोह हे तीन दोष सांगितले आहेत, आणि रात्री उशिरा बोलीची शेवटची मिनिटं मोजणाऱ्याच्या ठायी पहिला आणि तिसरा हातात हात घालून असतात. फुकट ते पौष्टिक या न्यायाने स्वस्तात दिसलेलं अस्सलच वाटू लागतं, आणि खाच दिसूनही दिसत नाही. दुसऱ्याच्या विधानाला जी कसोटी लावायची ती आपल्या ‘मला वाटतं हे खरंच असणार’ या विधानालाही लावायला हवी; तिथे सांगणाराही आपण, ऐकणाराही आपण, आणि खरं सांगण्याची इच्छा मात्र पातळ झालेली. हे उलट बाजूनेही लागू आहे. विक्रेत्याला ठाऊक नाही आणि आपल्याला फोटोवरून कळलं की इंजिन अस्सल आहे, तर गप्प राहून मातीमोलाने उचलायचं का? सिसेरोनेच त्याच भागात क्विंटस स्केवोला या रोमन गृहस्थाची हकीकत दिली आहे. शेताची किंमत विचारली, विक्रेत्याने सांगितली, तेव्हा हा म्हणाला की माझ्या मते ते याहून जास्त मोलाचं आहे, आणि एक लाख सेस्टर्स वर दिले. हे भल्या माणसाचं वागणं आहे हे कोणी नाकारत नाही, पण शहाण्याचं नाही असं लोक म्हणतात, हेही सिसेरो नोंदवतो. मी स्केवोलाच्या बाजूचा आहे.

तेव्हा बोली लावण्याआधी विक्रेत्याला साध्या भाषेत तीन गोष्टी मागा: पोटाखालचा फोटो, कोठडीच्या आतल्या कडेचा फोटो आणि चाकांचा फोटो. आले तर नीट पाहा, आणि विक्रेत्याला माहीत नसलेलं काही दिसलं तर त्यालाही कळवा. नाही आले तर बोली लावू नका, आणि त्याला लबाडही म्हणू नका.