तंटा मिटला कीं दडपला?

घरांतील भांडण घरांतच मिटावें, भावाभावांनीं कोर्टाची पायरी चढूं नये, हें शिक्षण आपल्या लोकांस लहानपणापासून मिळत आलें आहे, आणि तें योग्यच आहे. दिवाणी दाव्यांत शेताचें उत्पन्न आणि माणसाचें आयुष्य कसें खर्चीं पडतें हें गांवोगांवचे लोक जाणतात. म्हणून तंटा मिटविणाऱ्यास आपण मान देतों. तथापि या विषयांत एक प्रश्न असा आहे कीं, त्याचा व्हावा तितका विचार होत नाहीं. घरांतील आवाज बंद झाला, एवढ्यावरून तंटा मिटला असें म्हणावें काय?

एक उदाहरण घेऊं. हें कोणा एका घरचें नव्हे. असें पुष्कळ घरीं घडतें. बाप वारला. मागें चार एकर जिराईत, एक विहीर, वृद्ध आई, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें चढविण्याची वेळ येते, तेव्हां बहिणीला बोलावणें जातें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत हक्कसोडपत्र तयार असतें. कोणी रागावत नाहीं. भावजय आग्रहानें जेवूं घालते. चुलते गोड शब्दांत म्हणतात, “बाई, तुला देवानें काय कमी केलें आहे? एवढ्यासाठीं माहेर तोडूं नकोस.” बहीण सही करते, भाऊ तिला साडी घेतात, आणि या घरांत वाटणी झाली पण चढा शब्द निघाला नाहीं, अशी गांवांत वाखाणणी होते. पुढें कांहीं वर्षांनीं तिच्या घरीं आजारपण येतें, अथवा मुलाच्या शिक्षणाला पैसे लागतात. ती माहेरीं शब्द टाकते, आणि तिला उत्तर मिळतें कीं, तुझा येथें आतां काय संबंध? तेव्हां कळून येतें कीं, वाटणीच्या दिवशीं तंटा मिटला नव्हता. तो एका माणसाच्या मनांत कोंडून ठेविला होता.

येथें कोणी म्हणेल, “बहिणीनें प्रेमानें दिलें, त्यांत दोष तो कोणता? त्याग करणें हा अपराध आहे काय?” हा आक्षेप खरा आहे आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे. प्रेमानें हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत, आणि त्यांच्या औदार्याला उणेपणा आणण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु दान कशास म्हणावें याची एक सोपी कसोटी आहे. जें नाकारण्याची मोकळीक होती, तेंच दान. ‘नाहीं’ म्हटल्यास माहेरचा दरवाजा बंद होईल, अशी जिला भीति आहे, तिच्या ‘होय’ला दान म्हणतां येत नाहीं. ती तिनें भरलेली खंडणी होय.

शिवाय, आपला वाटा किती हेंच ज्याला ठाऊक नाहीं, तो तो सोडणार कसा? म्हणून कायदा काय सांगतो हें प्रत्येक घरांत माहीत असावें. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करितां वारला, तर त्याच्या विधवेस एक तृतीयांश आणि उरलेलें मुलांस मिळतें; त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. हिंदु कुटुंबांत मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सर्व देशानें २००५ सालीं केली. बाप २००५ पूर्वीं वारला असला तरी मुलीचा हा हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. आमच्यांतील किती घरांत १९२५ चा कायदा पुस्तकांत आणि जुनी वहिवाट शेतांत, अशी स्थिति आहे, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं तपासावें.

मग कोणीच कांहीं सोडूं नये काय? तसें नव्हे. सोडल्यावांचून घरें टिकत नाहींत. प्रश्न इतकाच कीं, सोडावें कोणी आणि काय? सतराव्या शतकांतील तुकोबांची एक गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. वडिलांच्या वेळचे कर्जरोखे हातीं आले, तेव्हां त्यांनीं त्यांचे दोन भाग केले. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा भाग त्याला दिला, आणि मग आपला अर्धा भाग इंद्रायणींत बुडविला. वाचकांनीं या गोष्टींतील क्रम नीट पाहावा. आधीं भावाचें भावाला दिलें, नंतर आपलें सोडलें. विरक्ति स्वतःची होती, म्हणून हानिही स्वतःचीच सोसली. भावाच्या वाट्यावर त्यांनीं साधुत्व मिळविलें नाहीं. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायांतहि हेंच दिसतें. अब्राम वडील, लोट पुतण्या. गुराख्यांचीं भांडणें होऊं लागलीं, तेव्हां पहिली निवड वडिलानें धाकट्याला दिली. लोटानें पाण्याची सुपीक भूमि घेतली आणि अब्राम उरलेल्या भूमीवर राहिला. दोन्ही ठिकाणीं ज्याचा हात वर होता, त्यानेंच सोडलें. आमच्या घरांत बहुधा उलट होतें. ज्याच्या हातीं नांगर व कागद आहेत तो घेतो, आणि जिच्या हातीं कांहीं नाहीं तिला त्यागाचा उपदेश होतो.

म्हणून जे पंच होऊन बसतात, त्यांस आम्ही कांहीं गोष्टी सुचवितों. बैठकीपूर्वीं प्रत्येकाचें म्हणणें वेगवेगळें ऐकावें. सुनेचें सासूदेखत आणि बहिणीचें भावांदेखत ऐकणें हें अर्धेंच ऐकणें आहे. कोणाही पक्षाचा देणेकरी असणाऱ्यानें पंच होऊं नये. बांधाचा वाद असेल तर वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर न जातां सरकारी मोजणी करून घ्यावी. एकानें वाटे पाडावेत व दुसऱ्यानें प्रथम उचलावा. म्हणजे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. विहिरीच्या पाण्याची पाळी, आईचा सांभाळ आणि तिच्या औषधाचा खर्च, हेंहि जमिनीबरोबरच ठरवावें. कारण पुढील भांडणें बहुतेक येथूनच निघतात. ठरलेलें लिहून, सर्वांस वाचून दाखवून, विचार करण्यास चार दिवस द्यावेत. सर्व सहधारकांची संमति असेल, तर जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखालीं तहसीलदारांकडून वाटप करून घेतां येतें.

इतकें करूनहि न जमल्यास कायद्याचा मार्ग धरणें हें पाप नव्हे. १९८७ च्या कायद्याप्रमाणें लोकअदालतींत दोघांच्या संमतीनें तडजोड होते. चालू दावा तेथें मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसतें. त्याच कायद्यानें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. हें तिला सांगणें म्हणजे भांडण लावणें नव्हे. ‘कोर्टांत जाऊं नका’ हा उपदेश बलवानालाहि तितकाच लागू आहे; आणि त्यानें तो न्यायानें वागून पाळावयाचा असतो.

एक गोष्ट मात्र तडजोडीच्या बाहेर ठेविली पाहिजे. जेथें मारहाण आहे, तेथें ‘थोडें तिनें सोसावें, थोडें त्यानें’ असें म्हणणारा पंच अन्यायाचा भागीदार होतो. प्रथम तिला व मुलांस सुरक्षित ठिकाणीं न्यावें. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठींच आहे. समेटाची भाषा त्यानंतरची आहे, आणि तीहि तिची इच्छा असेल तरच.

माझ्या भावाला वतन वांटून द्यावयास सांगा, अशी विनंती एका मनुष्यानें प्रभूला केली, तेव्हां प्रभूनें वाटणी करण्याचें नाकारून लोभापासून सावध राहण्यास सांगितलें, असें लूकाच्या बाराव्या अध्यायांत आहे. हा इशारा मागणाऱ्या बहिणीला ऐकविण्याची आपणांस संवय आहे. परंतु लोभ मागणाऱ्याच्याच ठिकाणीं असतो असें नाहीं. धरून बसणाऱ्याच्या ठिकाणींहि असतो, आणि तेथें तो अधिक शांत दिसतो.

या सुगीनंतर ज्यांच्या घरीं वाटणी व्हावयाची असेल, त्या बंधूंस आमची एवढीच विनंती आहे. सहीपूर्वीं बहिणीला तिचा कायदेशीर वाटा आंकड्यांत सांगा. ती ‘मला हवा’ म्हणाली तरी माहेरचें ताट तिच्यासाठीं तसेंच वाढलें जाईल, हें आईच्या समक्ष तिला सांगा. त्यानंतर ती जें ठरवील तें लिहा.