निवडीचा मोह

जुगारी मनुष्य लोभी असतो, असा एक सोपा समज आपल्या समाजांत रूढ आहे. परंतु केवळ लोभ हेंच कारण असतें, तर ज्या खेळांत प्राप्तीचा संभव अधिक, तोच खेळ प्रत्येकानें पत्करला असता. तसें घडत नाहीं. पत्त्यांना न शिवणारा मनुष्यहि आंकडा लावल्यावांचून स्वस्थ बसत नाहीं. ही आवड येते कोठून?

मटक्याचेंच उदाहरण घेऊं. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील उघडते व बंद होते भाव मुंबईस येत आणि त्यांवर लोक पैजा लावीत. १९६१ सालीं हा क्रम थांबला. पुढें १९६२ मध्यें कल्याणजी भगत व १९६४ मध्यें रतन खत्री यांनीं आंकडे काढण्याचे स्वतंत्र खेळ सुरू केले. कापूस गेला, तरी गिऱ्हाईक तुटलें नाहीं. कारण आपला आंकडा ज्याचा त्यानें निवडावयाचा असतो. एलन लँगर या विदुषीनें १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक डॉलरचीं सोडतीचीं तिकिटें कांहींना स्वतः निवडूं दिलीं, कांहींच्या हातीं नुसतीं ठेवलीं. तीं विकत मागितलीं असतां निवडणाऱ्यांनीं सरासरी आठ डॉलरांहून अधिक किंमत सांगितली, इतरांनीं सुमारें दोन. जिंकण्याचा संभव मात्र उभयतांचा सारखाच होता!

ज्या कापसाच्या भावांतून ही पैज जन्मली, तो पिकविणाराकडे आतां वळूं. अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याशीं सोयगावास कोरडवाहू शेतकरी सरकी टोंबतो, तेव्हां वर्षाची सर्वांत मोठी पैज लावतो. पाऊस, बोंडअळी, बाजारभाव, कशावरहि त्याची सत्ता नाहीं. अशा मनुष्यास दहांतून एक आंकडा आपल्या मर्जीनें सांगण्याचा अधिकार कोणी देऊं केला, तर तो अधिकार पैशाहूनहि गोड वाटावा, यांत नवल नाहीं.

म्हणून दोष पुसला जातो, असें आमचें म्हणणें नाहीं. बियाण्याचा पैसा आंकड्यावर जातो, तेव्हां घरांतील बायकामुलांस कोणीं विचारलेलें असतें? निवडीचें सुख एकट्याचें आणि हानि सर्वांची, हें जुगाराचें खरें पाप होय. परंतु लोभाविरुद्ध व्याख्यान देणाऱ्यानें आधीं पाहावें, कीं समोरच्या मनुष्याच्या हातीं खरी निवड कितीशी उरली आहे. ती जितकी थोडी, तितकी खोट्या निवडीची किंमत तो अधिक देणार.