दाखविणारा आणि शिकविणारा

नाताळाच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक पंधरा वर्षांचा मुलगा उजवा हात भाजून रुग्णालयात दाखल झाला. घराच्या गच्चीवर त्याने भुईनळा करून पाहिला होता. दुकानातून आणलेला नव्हे. स्वतः दारू कालवून, पुठ्ठ्याच्या नळीत ठासून केलेला. कृती त्याला मोबाइलवरील एका चित्रफितीत मिळाली होती. चार-साडेचार मिनिटांची ती चित्रफीत आपण दहा वेळा तरी पाहिली, असे त्याने आम्हांस सांगितले. आम्ही खाटेशेजारी बसून, अशा वेळी वडीलधारी माणसे जे बोलतात तेच बोलू लागलो, की असल्या खोटारड्या माणसांवर विश्वास ठेवू नये. त्यावर तो हळूच म्हणाला, "पण फादर, तो खोटं नव्हता बोलत. त्याचा तर नीट उडाला."

या उत्तराने आम्हांला पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना असत्याची व्याख्या आम्ही घोकली होती: मनात एक आणि मुखात दुसरे. हा चित्रफीतवाला त्या व्याख्येत बसत नाही. त्याने केले तेच दाखविले, आणि जे दाखविले ते खरोखरच घडले होते. मग त्याचा अपराध कोणता?

हौशी दारूकामाला सरसकट नावे ठेवावीत, असे आमचे मत नाही. या विद्येला जुना मान आहे. व्हान्नोच्चो बिरिंगुच्चो या इटालियन धातुकाराचा ग्रंथ १५४० साली व्हेनिस येथे छापला गेला; त्यात धातू गाळण्याबरोबरच सणासुदीच्या दारूकामाचेही वर्णन आहे, आणि हा गृहस्थ आयुष्याच्या अखेरीस पोपमहाशयांच्या ओतशाळेचा प्रमुख होता. माल्टा या चिमुकल्या कॅथलिक देशात गावोगावच्या संतांच्या सणाला जे दारूकाम आकाशात फुलते, त्यातील पुष्कळसे गावातली हौशी माणसेच तयार करतात. दिवसा नोकरीधंदा आणि उरल्या वेळात गावाबाहेरच्या दारूघरात काम, असा त्यांचा क्रम. नवखा तेथे जुन्या हातांच्या नजरेखाली शिकतो. एवढे असूनही त्या देशाने किती मृतदेह उचलले आहेत! ५ सप्टेंबर २०१० रोजी गोझो बेटावरील घार्ब येथे दारूकामाच्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि सहा जण दगावले. तोफखाना, खाणी आणि दारूगोळा यांत काम करणाऱ्यांनी संत बार्बरेला आपली आश्रयदाती मानले, ते उगाच नव्हे.

जाणत्यांचेही येथे चुकते. क्लोरेट हा क्षार बेर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केला. तोफेच्या दारूत सोऱ्याऐवजी तो घालून पाहण्याचा प्रयोग १७८८ साली एसोन येथे झाला. तेथे स्फोट होऊन दोन माणसे ठार झाली. प्रयोगासाठी आलेले लाव्हाझिए थोडक्यात बचावले. क्लोरेट व गंधक यांचे मिश्रण तर नुसत्या घर्षणानेही पेट घेऊ शकते. म्हणून इंग्लंडने १८९४ साली आणि आपल्या सरकारने १९९२ साली ते निषिद्ध ठरविले. त्या बंदीची एकेक ओळ कोणाच्या ना कोणाच्या बोटांच्या मोलाने लिहिली गेली आहे. चार मिनिटांच्या चित्रफितीत हा इतिहास कोठून येणार?

येथे वाचक म्हणतील की छापील पुस्तके तरी कोठे निर्दोष होती? ते खरेच आहे. अमेरिकेतील वाइनगार्ट यांचे दारूकामावरील पुस्तक हौशी लोकांनी वर्षानुवर्षे प्रमाण मानले. त्यातील कित्येक मिश्रणे आज कोणीही जाणकार हाती धरणार नाही. पण त्या पुस्तकावर लेखकाचे नाव होते, मागून आलेल्यांनी त्याच्या चुका नावानिशी दाखविल्या, आणि नवे पुस्तक जुन्याला उत्तर देत राहिले. चित्रफितीतला माणूस उद्या नाहीसा झाला तर कोणाला जाब विचारायचा?

रोनाल्ड लँकेस्टर नावाचे एक अँग्लिकन धर्मगुरू इंग्लंडमधील किंबोल्टन येथील शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. दारूकामाची त्यांना विलक्षण आवड. १९६४ साली त्यांनी स्वतःचा कारखानाच काढला आणि १९७२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. (एखाद्या धर्मगुरूला बागकामाचा छंद असावा, तसा हा त्यांचा, आमच्या बिशपस्वामींना तो रुचला असता असे वाटत नाही!) आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे शिक्षक असणे. वर्गातल्या शिक्षकाला समोरच्या मुलाचा हात दिसतो. तो थरथरतो आहे, चमचा दमट आहे, डब्यावरचे नाव वेगळे आहे, हे पाहून तो "थांब" म्हणू शकतो. चित्रफितीतला माणूस आपल्याला दिसतो. त्याला आपण दिसत नाही. त्याच्या फसलेल्या खेपा कात्रीखाली गेलेल्या असतात. आणि आपण सवयीने काय काय सांभाळतो, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. मग तो ते सांगणार कसे?

चीनमध्ये २०१९ साली दोन मुलींनी पत्र्याच्या डब्यात मद्यार्क पेटवून मक्याच्या लाह्या फोडण्याचा प्रयत्न केला. स्फोट झाला आणि चौदा वर्षांची मुलगी पुढे मरण पावली. एका लोकप्रिय चित्रफितीचे त्यांनी अनुकरण केले, असा बोभाटा झाला. चित्रफीत करणारीचे म्हणणे असे की आपली पद्धत वेगळी होती, मुलींनी ती तशी केलीच नाही. तरीही तिने दोन्ही कुटुंबांना पैसे दिले. तिचा बचाव कदाचित खराही असेल. परंतु पाहणारा आपल्या घरात असेल त्याच वस्तूंनी करून पाहणार, हे न जाणणे क्षम्य आहे काय? जे जाणणे आपले कर्तव्य आहे त्याविषयीचे अज्ञान निर्दोष नसते, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्हांला येथे अचूक लागू पडते असे वाटते. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना अधिक कठोर हिशेब द्यावा लागेल, असे याकोबाचे पत्रही बजावते.

आमच्या मुलाने मात्र आळस केला नव्हता. दहा वेळा पाहणे, हीच त्याच्या मते खातरजमा होती. एकच साक्षीदार दहा वेळा बोलला तरी त्याचे दहा साक्षीदार होत नाहीत, हे त्याला आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी सांगितले होते?

हे सारे आम्ही प्रवचनासाठी मनाशी जुळवीत होतो. जखम बांधणाऱ्या डॉक्टरांशी सहज बोलणे झाले तेव्हा ते म्हणाले, हात पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरला असता तर बरे झाले असते. घरच्यांनी जखमेवर टूथपेस्ट थापली, ती काढतानाच पोराला अधिक यातना झाल्या. आम्ही बाहेर येऊन त्याच्या आईला विचारले. ती चाचरत म्हणाली, "फादर, तुम्हीच नव्हतं का सांगितलं? पावसाळ्यात, महिलांच्या मेळाव्यात."

आम्हीच सांगितले होते. आमच्या आईने आमच्या लहानपणी तसे केले होते आणि आमचे बोट बरे झाले होते.

प्रवचनाचा कागद आम्ही तसाच ठेवून दिला. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर, आशीर्वादाआधी, पाण्याची गोष्ट आणि आमची चूक सांगितली. तो मुलगा हात गळ्यात अडकवून तिसऱ्या बाकावर बसला होता.