माळवदाचा कठडा
(अनुवाद 22:8 ह्या वचनावरून)



मोशेच्या नियमशास्त्रात मोठमोठ्या आज्ञांच्या मध्ये एक लहानशी आज्ञा आहे. कोणी नवे घर बांधील तर त्याने धाब्यास कठडा करावा. कठड्यावाचून कोणी वरून पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. ज्यांची घरे माळवदाची आहेत त्यांस ही गोष्ट समजावून सांगणे नको. उन्हाळ्यात मुलेबाळे वर निजतात, बायका डाळी वाळत घालावयास वर जातात, आणि काळोखात एक पाऊल चुकले की घरात रडारड होते. ह्या ठिकाणी देवाने कोणास पडू न देण्याचे अभिवचन दिले नाही, तर कठडा बांधावयास सांगितले, हे ध्यानात घ्यावे.

आज आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत हे वचन माळवदापेक्षा मोटारसायकलीस अधिक लागू पडते असे आम्हांस वाटते. पूर्वीचे उपदेशक पायी अथवा सायकलीवर फिरत. आता एकाच रविवारी तीन वाड्यांवर उपासना चालविता येते, हा मोठाच उपकार होय. परंतु केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याचे आकडे पाहिले म्हणजे मन दचकते. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 50,029 जण दुचाकीवरील असून त्यांनी हेल्मेट घातलेले नव्हते. आणि ह्या 50,029 मध्ये 14,337 जण मागे बसलेले होते.

असा एखादा तरुण घरी मेलेला आणतात तेव्हा अंगणात जमलेली माणसे दोन प्रकारे बोलतात. कोणी म्हणतो, ह्याच्या हातून काही पाप घडले असेल. कोणी म्हणतो, देवाची इच्छा. पहिल्या बोलण्यास आमच्या प्रभूने उत्तर देऊन ठेविले आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, असे त्याने स्पष्ट सांगितले (लूक 13). ह्यास्तव मेलेल्याची झडती घेण्याचा अधिकार कोणास नाही. त्या आईच्या कानी तसला शब्द पडता कामा नये. परंतु प्रभू तेथेच थांबला नाही. जे ऐकत उभे होते त्यांस त्याने आपापले वर्तन पालटण्यास सांगितले. दुसरे बोलणे आम्हांस अधिक कठीण वाटते. शोकात देवाच्या हाती सर्व सोपविणे हे विश्वासाचेच काम आहे. पण घरात खुंटीला हेल्मेट टांगलेले असता, त्याचे ओझे देवाच्या इच्छेवर घालणे बरे नव्हे.

अपघातापासून शिकणे म्हणजे काय, ह्याचे एक उदाहरण इंग्लंडातील आहे. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात लढून नावाजलेला टी. ई. लॉरेन्स ह्यास वेगाची फार आवड होती. 13 मे 1935 रोजी डॉर्सेट परगण्यात आपल्या घराकडे येत असता रस्त्याच्या उताराआड दोन मुले सायकलींवर होती. त्यांस चुकविण्यासाठी त्याने गाडी वळविली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही संरक्षण नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून 19 मे रोजी, वयाच्या 46व्या वर्षी, तो मरण पावला. त्याच्या उपचारासाठी बोलाविलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. रोगी हातचा गेला. पण केर्न्सने त्या मरणाकडे पाठ फिरविली नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने मोटारसायकलींच्या अपघातांचा हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलींवरचे 2,279 जण मेले होते, आणि बहुतेक ठिकाणी घाव डोक्यास होता. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यास सातच आढळले. ते सातही वाचले. हे त्याने 1941 साली छापून प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचे झाले. सामान्य लोकांस ते सक्तीचे व्हावयास मात्र 1973 साल उजाडले. मनुष्य किती सावकाश शिकतो पाहा.

आमच्यापैकी कित्येक म्हणतील, प्रार्थना करून निघालो आहो, प्रभूच्या कामासाठी निघालो आहो, तो राखील. मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूपुढे हेच मांडले होते: उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये म्हणून त्याने त्यास परतविले (मत्तय 4). उपासनेची वेळ टळते म्हणून वळणावर गाडी दामटणारा उपदेशक त्या शिखरावरच उभा आहे. दहा मिनिटे उशिरा आलेल्या उपदेशकास मंडळी खुशाल हसो.

हेल्मेटाचे काम साधे आहे. बाहेरचे कवच आघात पसरविते आणि आतील जाड फेस दबून तो आघात स्वतःवर घेतो. म्हणून हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर ते डोक्याआधी उडून जाते, आणि एकदा जोरदार आपटलेले हेल्मेट वरून धडके दिसले तरी पुन्हा वापरू नये. हाताला अडकविलेले हेल्मेट केवळ कोपर राखते. रात्री उसाच्या ट्रॉलीस मागे दिवा नसतो, वळणावर मुरूम सांडलेला असतो, पहिल्या पावसात डांबरी रस्ता निसरडा होतो. तेथे वेग कमी करणे हाच कठडा.

आता मागे बसणाऱ्यांविषयी. कठड्याची आज्ञा घरधन्याच्या जिवापुरती नाही; जो कोणी त्याच्या धाब्यावर येईल त्याच्यासाठी ती आहे. नवरा हेल्मेट घालतो, आणि मागे बायको कडेवर मूल घेऊन उघड्या डोक्याने, पदर चाकाशी लोंबत, एका बाजूस बसते. हे दृश्य रविवारी आमच्या मंदिरांच्या दारीही दिसते. कायद्याप्रमाणे चालकाच्या मागे एकाहून अधिक मनुष्य बसवू नये, आणि हेल्मेट मागच्यासही लागते. पण कायद्याच्या आधी त्या घरधन्याने देवापुढे उत्तर द्यावयाचे आहे.

वाटेत कोणी पडलेला दिसला तर शोमरोन्याची गोष्ट आठवावी. पोलिसांच्या चौकशीच्या भयाने बाजूने निघून जाण्याचे आता कारण उरले नाही. 2019 साली झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, बेशुद्ध मनुष्याच्या तोंडात पाणी घालू नये, त्याचे हेल्मेट ओढून काढू नये.

पंचकमिट्यांस एक विनंती आहे. उपदेशकाचा प्रवासखर्च ठरविताना पेट्रोलाचा हिशेब होतो, हेल्मेटाचा होत नाही. येत्या सभेत दोन हेल्मेटांची रक्कम मंजूर करावी. दुसरे त्याच्या पत्नीसाठी. आयएसआय शिक्का पाहूनच ती घ्यावी, आणि रस्त्याच्या कडेस स्वस्तात मिळणारी टोपीवजा टरफले घेऊ नयेत.