धंद्याचा आरंभ आणि आत्मवंचना

दुसऱ्यास फसविणें हें पाप होय, असें शाळकरी मुलासही सांगावें लागत नाहीं. परंतु स्वतःची फसवणूक करून घेणें हा दोष मानावा कीं नुसतें दुर्दैव, याचा विचार आपण क्वचितच करतों. प्रथमच धंद्यांत पडणाऱ्या मनुष्याच्या बाबतींत हा प्रश्न निकडीचा होतो.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरी सोडून कारखाना काढण्याच्या बेतांत होता. भेटावयास आला तेव्हां त्याच्या बोलण्यांत तीन गोष्टी गृहीत होत्या. माल उत्तम असला कीं गिऱ्हाईक आपोआप येतें; कल्पना कोणी चोरील, म्हणून ती गुप्त ठेवावी; आणि धंद्यांत आपणच आपले धनी. भांडवल वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून यावयाचें होतें. "सर, माझा माझ्या मालावर पूर्ण विश्वास आहे," असें तो म्हणाला.

मीं त्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत सांगितली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून ते बेळगांवीं धंद्यांत पडले व १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. माल चांगला असूनही गिऱ्हाईक आपोआप आलें नाहीं. जी वस्तु कोणी विकतही घेईना, तिची कल्पना चोरण्यास कोण येणार? आणि नोकरींतला एक धनी सुटला, तरी प्रत्येक शेतकरी नवा धनी होऊन पुढें उभा राहिलाच.

"पण सर, त्यांनीं तरी विश्वासच धरला ना?" विद्यार्थ्यानें विचारलें. आक्षेप खरा होता. दोन वर्षें वाट पाहून यशस्वी होणारा आणि दोन वर्षें वाट पाहून बुडणारा, या दोघांच्या मनांतील विश्वास सारखाच असतो. यश आलें म्हणजे आपण त्यास चिकाटी म्हणतों. न आलें म्हणजे दुराग्रह. म्हणून विश्वासाच्या बळावरून त्याचें खरेपण ठरत नाहीं. आपल्या नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर विश्वास ही केवळ प्रतिज्ञा आहे. हेतु आणि उदाहरण अजून द्यावयाचें असतें.

स्वतःच्या पैशानें ही प्रतिज्ञा तपासणारा चुकला, तर तें त्याचें दुर्दैव. दुसऱ्याची पुंजी लावणाऱ्यास मात्र इतकें बोलून सुटतां येत नाहीं. आधीं थोडा माल करून अनोळखी माणसास विकून पाहणें, आणि पैसे बुडूं शकतात हें देणाऱ्यास स्पष्ट सांगणें, हें त्याचें कर्तव्य होय. तें टाळणारा प्रामाणिक असला, तरी निर्दोष नव्हे. कारण जें शोधणें शक्य होतें, तें त्यानें जाणून घेतलें नाहीं.

"वडिलांना सांगितलें आहेस?" मीं विचारलें. तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "आज सांगतों." धंद्याचा खरा आरंभ मला तेथें दिसला.